डबा घेते, निरोप नको

आमच्या गावात माझ्या नणंदेला तिच्या नावानं कोणी हाक मारत नाही. शाळेत खेळ शिकवते, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून ती शिट्टीबाई. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता टक्कल पडलेले बाप झालेत, तरी रस्त्यात ती समोर आली की पोट आत घेऊन ताठ उभे राहतात. आमचे हे तिचे थोरले भाऊ. यांचं रंगाचं दुकान, म्हणून गाव यांना रंगवाले म्हणतं. गल्ल्यावर मी बसते. मी तिला मुद्दाम जुन्या पद्धतीनं 'वन्सं' म्हणते, मग ती चिडते आणि मला बरं वाटतं.

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. ते शाळेच्या मैदानाची देखभाल करायचे. रोलर फिरवायचा, गवत कापायचं, सामन्याच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेघा मारायच्या. त्या रेघा इतक्या सरळ असायच्या की लोक वाकून बघायचे. हे शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा यांनी एकच मोठं वचन दिलं होतं: मैदानाला छप्पर असलेली गॅलरी बांधायची, खाली मुलामुलींना कपडे बदलायला खोल्या काढायच्या, आणि गॅलरीला वडिलांचं नाव द्यायचं. हे निवडून आले आणि मंडळाचे अध्यक्षही झाले. पाच माणसांचं मंडळ, पण गावातल्या सगळ्या शाळांचा खर्च त्यांच्या हातात. शाळेचा कर किती बसवायचा, पगार किती द्यायचे, कुठली भिंत पाडायची, सगळं तेच ठरवणार. गॅलरीचा नकाशा घरी आला तेव्हा सासूबाईंनी तो चष्मा पुसून पुसून पाहिला आणि उद्घाटनाला कुठला स्वेटर घालायचा तेही ठरवून टाकलं.

शिट्टीबाई पुलापलीकडे एकटी राहते. पण रविवारचं जेवण आमच्याकडे, हा तिचा आणि यांचा लहानपणापासूनचा नेम. अशाच एका रविवारी तिनं पहिल्या घासालाच सांगून टाकलं, "दादा, शिक्षकांनी मला पगारवाढीची बोलणी करायला निवडलंय."

"कोणाशी बोलणी?"

"तुझ्याशी."

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं. "मग करा की. समोरच तर बसलाय. सूनबाई, मीठ दे गं जरा."

"आई, असं नाही करता येत," हे म्हणाले. मग बहिणीला म्हणाले, "छोटी, तू नाही म्हणून सांग त्यांना." ही छोटी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती.

"तू अध्यक्षपद सोड, मी लगेच नाही म्हणते."

दोघं हसले. पण हसणं लगेच विरलं, कारण प्रश्न खरा होता. शिक्षकांचे पगार कितीतरी वर्षं जागचे हलले नव्हते आणि बाजारात मात्र सगळंच वर चढत होतं. नवीन शिक्षक यायचे, आमच्या मुलांवर हात बसवायचे आणि जरा शिकवायला लागले की शेजारच्या गावात जास्त पगारावर निघून जायचे. विज्ञानाच्या वर्गात मुलांना शिक्षकांची नावं पाठ व्हायच्या आत शिक्षक बदलत. दुसऱ्या बाजूला, कर वाढवायचा म्हटलं की पेन्शनवर जगणारे म्हातारे मंडळाच्या दारात उभे राहत, आणि तेही काही खोटं बोलत नव्हते.

शिट्टीबाईनं चमचा खाली ठेवला. "हे बघ दादा. तुझ्या बाजूचे म्हणणार, हिला घरातून आतल्या बातम्या मिळतात. माझ्या बाजूचे म्हणणार, ही भावाला सांभाळून घेते. त्यापेक्षा हे मिटेपर्यंत मी इकडे येत नाही. फोन नाही, काही नाही. जे बोलायचं ते मंडळाच्या खोलीत, सगळ्यांसमोर."

"आणि मी?" सासूबाईंनी विचारलं. "मी कुठल्या खोलीत बसायचं?"

शिट्टीबाईनं मीठ त्यांच्यापुढे सरकवलं.

महिन्याभरात मिटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. झाडांची पानं गळून गेली, थंडी पडली, तरी बोलणी तिथंच. रविवारी टेबलावर एक खुर्ची रिकामी राहायची. सासूबाई दर रविवारी न चुकता तिच्या वाटणीचं जेवण डब्यात भरायच्या आणि मला पुलापलीकडे पिटाळायच्या. शिट्टीबाई दार उघडायची, डबा घ्यायची आणि म्हणायची, "डबा घेते वहिनी, निरोप नको."

एकदा मी गंमत म्हणून म्हटलं, "वन्सं, यांना सर्दी झालीय हो."

"हाही निरोपच झाला," म्हणून तिनं दार लावून घेतलं. मी पायऱ्या उतरते तोच वरची खिडकी उघडली. "वाफ घ्यायला सांग त्याला. म्हणजे, सांगू नकोस. तूच लाव घ्यायला!"

मंडळानं शेवटी एकदाचा देकार दिला: सगळ्यांना शेकडा तीन वाढ. ऐकायला बरं वाटतं. पण शेकड्याचा हिशेब असा की ज्याचा पगार मोठा त्याला वाढही मोठी, आणि जो नवा, ज्याचं महिनाअखेरीला खरंच अडतं, त्याच्या हातावर चिल्लर. जुन्या शिक्षकांना हा देकार सोन्यासारखा होता. निवृत्तीच्या तोंडावर पगार वाढला की पेन्शनही वाढते. शिट्टीबाईही त्यातलीच, तिची नोकरी थोडीच उरली होती. तिनं मान डोलावली असती तर प्रश्न तिथंच संपला असता आणि तिचं म्हातारपण सुखात गेलं असतं.

तिनं शिक्षकांची सभा बोलावली आणि सांगितलं की शेकडा नको. जेवढा पैसा मंडळ देतंय तो सगळ्यांना सारखा वाटून मागू. नव्याला जेवढी रक्कम, तेवढीच मला.

पुढचं मला गणिताच्या सरांनीच सांगितलं. त्यांना शाळेत कर्कटक म्हणतात, उंच, काटकुळे आणि बोलायला टोकदार. शिट्टीबाईची आणि त्यांची मैत्री नोकरीला लागल्यापासूनची; एकाच आठवड्यात दोघं रुजू झाले होते. त्यांची बायको आजारी असायची, औषधांना पैसा लागायचा. ते सभेत उठले आणि म्हणाले, "आयुष्यभर मी रांगेत उभा राहिलो. दर वेळी सांगितलं गेलं, पुढच्या वर्षी. आता खिडकीपाशी पोचलो तर तू रांगच बदलतेस?"

"हो," शिट्टीबाई म्हणाली. "बदलतेय. मी तुझ्या शेजारीच उभी आहे त्या रांगेत."

"तुला घरी औषधं आणायची नाहीत."

"नाहीत. म्हणून तुझं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणारच नाही. तू विरोधात मत दे. पण ही पोरं अशीच निघून गेली तर आपण गेल्यावर इथं शिकवायला कोण राहणार, ते मला तू सांग."

कर्कटकांनी विरोधात मत दिलं. त्यांच्यासारखे बरेच होते. ठराव जेमतेम पास झाला. सभेनंतर ते तिच्याशी एक शब्दही न बोलता निघून गेले, आणि ती रिकाम्या खोलीत खुर्च्या रचत बसली.

त्याच सभेत तिला दुसरी एक गोष्टही ठामपणे सांगावी लागली होती. काही तरुण शिक्षक म्हणाले, "बाई, तुमच्या भावाच्या गॅलरीवर हल्ला करा ना. कर्ज काढून बांधणार आहेत. कर्जाचा पैसा पगाराला लावता येत नाही हे कबूल, पण हप्ते तर दर वर्षी आपल्या पगाराच्याच तिजोरीतून जाणार!"

मुद्दा बिनतोड होता. तिला तो सगळ्यांच्या आधी कळला होता. पण ती म्हणाली, "त्या गॅलरीवर माझ्या बापाचं नाव लागणार आहे. मी तिच्या बाजूनं बोलले तरी तुम्हाला शंका येणार, विरुद्ध बोलले तर माझी मलाच येणार. हा मुद्दा मी मांडणार नाही. मांडायचाच असेल तर बोलायला दुसरं कोणी निवडा."

कोणी दुसरं निवडलं नाही.

सारख्या वाटणीची मागणी घेऊन ती मंडळापुढे गेली. पण नव्यांना टिकवायचं तर मुळातली रक्कमही थोडी वाढवायला हवी होती, आणि मंडळ म्हणालं, आणखी एक दमडी नाही. हे घरी आले. जेवताना एवढंच म्हणाले, "छोटी फार चांगलं बोलली आज." आणि मग, "मी नाही म्हणालो."

पुढच्या सोमवारी संप सुरू झाला.

थंडीत शिक्षक फाटकापाशी उभे राहिले, गळ्यात मफलर, हातात पुठ्ठ्याच्या पाट्या. कर्कटकही होते. विरोधात मत दिलेला माणूस सगळ्यांत आधी येऊन उभा राहिला, आणि त्याची पाटी सगळ्यांत सुवाच्य होती. पण संप म्हटल्यावर मंडळानं शाळांना कुलूप लावलं आणि स्वयंपाकघरातल्या बायकांनाही घरी बसायला सांगितलं. म्हणजे दुपारचं जेवण बंद. आमच्या गावात अशी पुष्कळ मुलं आहेत की ज्यांचं दिवसातलं पोटभर जेवण तेवढं एकच.

शिट्टीबाईनं सांगितलं, "शिकवणं बंद. जेवण बंद नाही."

तिच्याच लोकांनी डोक्याला हात लावला. एकजण म्हणाला, "बाई, संपाची धारच जाते अशानं! आईबापांची अडचण झाली तर ना मंडळावर दाब येणार?"

"आईबापांची करा हवी तेवढी अडचण. पोराच्या पोटाची नाही करायची."

पगार बुडालेल्या शिक्षकांनी वर्गणी काढली, स्वयंपाकीणबाई आपण होऊन आल्या, मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडेच होती, आणि पहिल्याच दुपारी चुली पेटल्या. मुलं ताटं घेऊन रांगेत.

बुधवारी मंडळाच्या वकिलांचा यांना फोन आला. संपावरची माणसं शाळेच्या आवारात आहेत, ताबडतोब बाहेर काढा आणि स्वयंपाकघराला कुलूप घाला. यांनी फोन ठेवला, अंगात कोट चढवला आणि मला म्हणाले, "तूही चल."

"मी कशाला?"

"एकटा गेलो तर एक तर भांडेन, नाहीतर रडेन."

आम्ही पोचलो तेव्हा खिडक्यांवर वाफ धरली होती. इतिहासाचे सर पाव कापत होते. कर्कटक बटाटे सोलत होते, तेही सगळे एका मापाचे. मोठ्या पातेल्यापाशी डाव घेऊन शिट्टीबाई. कित्येक महिन्यांनी बहीणभाऊ मंडळाच्या खोलीबाहेर एकमेकांसमोर उभे राहिले. ती जरा वाळली होती. यांनी घसा खाकरला.

"वकील म्हणतात, संपावरच्या माणसांना आत थांबता येणार नाही. कोणी भाजलं, घसरून पडलं, तर जबाबदारी मंडळावर येते."

"बरोबर म्हणतात," ती म्हणाली.

हे भांडणाच्या तयारीनं आले होते. त्यांची पंचाईत झाली. "मग?"

"मग आम्ही बाहेर जातो. तू वाढ."

असं म्हणून तिनं आपल्या गळ्यातला एप्रन काढून यांच्या गळ्यात घातला, हातात डाव दिला आणि एक शिट्टी फुंकली. सगळे शिक्षक हातातलं काम टाकून शिस्तीत बाहेर गेले आणि थंडीत खिडकीबाहेर ओळीनं उभे राहिले. आत उरलो स्वयंपाकीणबाई, मी, मंडळाचे अध्यक्ष आणि न संपणारी पोरांची रांग.

यांनी आयुष्यात रंगाशिवाय काही ओतलेलं नव्हतं. पहिल्या मुलांना काठोकाठ वाढलं. स्वयंपाकीणबाई ओरडल्या, "अहो, मागच्यांना काय पातेलं चाटायला देणार?" मग पुढच्यांना इतकं थोडं की एका मुलीनं ताटाकडे बघून विचारलं, "आजोबा, एवढंच?" खिडकीबाहेरून शिट्टीबाई हातवारे करून डाव किती भरायचा ते दाखवत होती. हे घामाघूम. शेवटी डाव तसाच हातात धरून यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या सगळे आत. वकिलांना मी बघतो."

त्या दुपारी हे शेवटचं ताट धुवून होईपर्यंत थांबले. त्यांच्या शेजारी ताटं पुसायला होती विज्ञानाची नवी बाई. अंगानं एवढीशी, म्हणून मुलं तिला चिमणी म्हणतात. तिला आम्ही दोघंही चांगले ओळखत होतो, कारण रविवारी ती आमच्याच दुकानात रंग मिसळायला येते. मोठी चटपटीत पोर. आपल्या दुकानात शिकलेली मुलगी काम करते याचा यांना कोण अभिमान!

"तू असतेस म्हणून बरं आहे गं," हे म्हणाले. "टिकून राहा. तुझ्यासारखी माणसं हवीत शाळेला."

"नाही काका, वर्ष संपलं की जातेय. शेजारच्या गावात. तिकडे गेले की रविवारचं काम करावं लागणार नाही." मग तिनं सहज, ताट पुसता पुसता सांगितलं, "वह्या तपासायचे तास धरले ना, तर शाळेपेक्षा तुमच्या दुकानात मला तासाला जास्त सुटतात."

तिला टोमणा मारायचा नव्हता. उलट ती आमचं कौतुकच करत होती. पण यांच्या हातातलं ताट पाण्यातच राहिलं.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "मी तिला बरा पैसा देतो म्हणून स्वतःवर खूश होतो गं मी."

शुक्रवारी संध्याकाळी मंडळाची जाहीर बैठक होती. त्या दिवशी सकाळी चहा घेताना यांनी आईला सांगितलं, "आई, गॅलरी आत्ता नको म्हणतोय मी."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "माझी परवानगी मागतोयस, की मला सांगतोयस?"

यांनी कप बाजूला सारला. "सांगतोय."

"मग सांगून झालं. जा कामाला." आणि त्यांनी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. दिवसभर त्या तिथंच बसून होत्या. संध्याकाळी मात्र कोट घालून, काठी घेऊन दारात उभ्या. "मला घेऊन चल तिथं. माझ्या नवऱ्याचं नाव कोण कसं पुसतं ते मला बघायचंय."

बैठक शाळेच्या जुन्या जिममधे होती. अर्धं गाव लोटलं होतं. पुढच्या ओळीत कर्कटक, हाताची घडी घालून. सासूबाई आणि मी अगदी मागे, भिंतीला टेकून.

शिट्टीबाई बोलायला उठली. एरवी मैदानाच्या पार टोकाला ऐकू जाणारा तिचा आवाज त्या दिवशी हळू होता, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसावं लागलं. ती म्हणाली, "आम्ही सगळ्यांना सारखी रक्कम मागतोय. म्हणजे जुन्या शिक्षकांना कमी मिळणार. यावरून आमच्यात भांडण झालं, खोटं कशाला बोलू? ज्यांचं नुकसान होणार ते इथंच बसलेत, आणि हा सगळा आठवडा तेच फाटकापाशी उभे होते. त्यांच्यासाठी टाळ्या नकोत. त्यांना जे सोडावं लागलं ते वाया जाऊ देऊ नका, एवढंच."

तरी टाळ्या झाल्याच. मग मागून एक नळदुरुस्तीवाला उठला, त्याच्या दोन मुली शाळेत आहेत. त्यानं विचारलं, "गॅलरीच्या हप्त्यांचं काय?"

सगळ्या माना शिट्टीबाईकडे वळल्या. ती म्हणाली, "त्याबद्दल मी बोलणार नाही," आणि खाली बसली.

हे उभे राहिले. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. "ती गॅलरी माझ्या वडिलांच्या नावानं होणार होती. मला ती हवी होती. अजूनही हवी आहे. मी मतं मागताना वचन दिलं होतं, ते मी मोडतोय, आणि त्याबद्दल तुम्ही मला बोललात तर ते बरोबरच असेल. माझ्या वडिलांनी..." इथं ते अडकले. पाणी प्यायले. "पुढचं मला नीट मांडता येणार नाही. ठराव असा आहे: गॅलरी आणि तिचं कर्ज रद्द. हप्त्याचा पैसा पगारात. वाढ सगळ्यांना सारखी."

मंडळावर एक दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या ताडकन म्हणाल्या, "माझा विरोध आहे. आणि तो नुसता गॅलरीसाठी नाही. मुलींना आज कपडे बदलायला जागा नाही, त्या सायकलींच्या शेडमागे जातात. त्या खोल्यांसाठी मी भांडले. आज पुढे ढकललं की ते काम कायमचं गेलं म्हणून समजा." त्याही खऱ्या होत्या. शिट्टीबाईनं मान खाली घातली. त्या शेडच्या दाराशी रोज पहारा द्यायला तीच तर उभी राहायची.

मतं पडली. तीन विरुद्ध दोन. ठराव पास झाला.

लोक उठले, खुर्च्या सरकल्या, कोणी कोणाला मिठ्या मारल्या. बरेच जण मागे सासूबाईंकडे येऊन त्यांचे हात हातात घेऊ लागले, आभार मानू लागले. सासूबाई कडाडल्या, "माझे आभार कसले? माझी संमती नव्हती! मला कोणी विचारलंसुद्धा नाही!" पण हात मात्र त्यांनी कोणाचाही सोडवून घेतला नाही.

गोष्टीत होतं तसं सगळंच काही गोड झालं नाही. चिमणी राहिली, आता ती आमच्या दुकानात येत नाही, आणि रंग मिसळताना माझ्या हातून कायम काहीतरी चुकतं. तिच्या बरोबरीचा भाषेचा शिक्षक मात्र गेलाच, तो आधीच घर ठरवून बसला होता. पुढच्या निवडणुकीत हे पडले. वचन मोडणारा अध्यक्ष म्हणून कोणी कोणी दुकानात येऊन ऐकवून गेलं. यांनी ऐकून घेतलं आणि रंग विकला. अध्यक्ष झाल्या डॉक्टरीणबाई. कपडे बदलायच्या खोल्या त्यांनी तरीही बांधल्याच, साध्या, पत्र्याच्या, गावाकडून वर्गणी काढून, आणि त्या वर्गणीसाठी त्यांच्याबरोबर दारोदार हिंडली ती शिट्टीबाई. कर्कटक निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात म्हणाले, "मी अजूनही त्या ठरावाच्या विरोधात आहे." लोक हसले. ते हसले नाहीत. पण बायकोला दवाखान्यात न्यायचं असलं की ते आजही शिट्टीबाईलाच फोन करतात, आणि ती गाडी काढते.

मला त्या दोघा बहीणभावांचा हेवा वाटतो. एवढे महिने समोरासमोर बसून एकमेकांना नाही म्हणत राहिले, पण एकानंही दुसऱ्याला खाली पाडून आपला मुद्दा पुढे रेटला नाही. मला जमलं नसतं. मी दुसऱ्याच रविवारी फोन केला असता.

बैठकीनंतरचा पहिला रविवार मला चांगला आठवतो. शिट्टीबाई आली ती वेळेच्या आधीच. सासूबाई दोघांवरही रुसलेल्या. ताटं मांडली तरी कोणाशी बोलेनात. दोघांनी आईची मनधरणी करून पाहिली, मग नाद सोडला आणि आपापसात बोलायला लागले. इतक्या महिन्यांचं साठलेलं, दोघंही एकदम बोलत होते. बोलता बोलता विषय शाळेच्या बसवर आला. लांबच्या वस्तीला दुसरी बस हवी, असं तिचं म्हणणं. आहे त्याच बसचा रस्ता बदलून भागेल, असं यांचं.

"दादा, तू त्या रस्त्यानं कधी गेला आहेस का तरी?"

"छोटी, तू डिझेलचा भाव बघितला आहेस का?"

आवाज चढले. यांनी मिठाच्या, मिरीच्या बाटल्या मांडून रस्ता दाखवायला घेतला, तिनं चमच्यानं सगळा रस्ताच मोडून टाकला. मी हसत हसत भांडी उचलायला उठले, तर सासूबाई खुर्चीत मागे टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, त्या सगळ्या आरडाओरड्यात गाढ झोपी गेल्या होत्या. मी त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकली. त्यांना जाग आली नाही, आणि या दोघांना कळलंही नाही.